कोटाचा चहा

“फोनवर चहा होत नसतो,” येसाक्का म्हणाली. “माझ्या नाकाला वास आला पायजे, जिभेला चटका बसला पायजे. तू तिकडं सुरतेत आधण ठेवणार आणि मी हितं सांगलीत नुसती बघत बसणार? ह्यो काय न्याय झाला?”

फोनातून जैतुनचं हसू आलं. आम्ही तिघी एकाच खोलीत बसलो होतो, त्यामुळे ते आधी माझ्या फोनातून आलं, मग चंपाच्या, आणि शेवटी येसाक्काच्या. एकच बाई तीनदा हसल्यासारखं वाटलं.

“मग काय करायचं, अक्का? माझ्यावर कोट लागला तर?”

“लागला तर यायचं. आपल्या पायानं. आणि हातानं करून पाजायचा.”

“हातानंच?”

“हातानंच. वखारीत काय ठरलं हुतं?”

वखारीत ठरलं होतं ते आम्हा चौघींनाही पाठ होतं. आमची सगळी उमर हळदीच्या वखारीत गेली. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, फुटकं-मोडकं तिसरीकडं, असं निवडत बसायचं. दुपारी भाकरी खाऊन झाली की पोत्यांच्या थप्पीमागं मेंढीकोटाचा डाव पडायचा. समोरासमोर बसतील त्या भिडू. येसाक्का आणि चंपा एक जोडी, मी आणि जैतुन दुसरी. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन ज्यांनी ओढल्या त्यांचा डाव. चारही ओढल्या तर दुसऱ्यांवर कोट.

नुसतं हरलं तर काही नाही. कोट लागला तर मात्र त्या जोडीनं वखारीमागच्या चुलीवर चहा करायचा, आणि जिंकणाऱ्यांच्या हातात नेऊन द्यायचा. चहा फिटल्याशिवाय पुढचं पान पडायचं नाही. मुकादमाला सुद्धा हे माहीत होतं. दोन दिवस डाव दिसला नाही की तो विचारायचा, “कुणाचा चहा अडलाय गं?”

एकदा आमच्यावर कोट लागला आणि त्याच संध्याकाळी जैतुनच्या पोटात कळा सुरू झाल्या. माझ्या वाटणीचा चहा मी दुसऱ्या दिवशी करून दिला, पण येसाक्कानं डाव मांडू दिला नाही. म्हणाली, निम्मा चहा फिटलाय, निम्मा हाय. सव्वा महिना झाल्यावर जैतुन आली ती कडेवर नसीमला घेऊनच. पोर माझ्या मांडीवर टाकली आणि चुलीला फुंकर घालायला बसली. मुकादम म्हणाला, “अगं, कामावर कधीपास्नं येणार ते तरी सांग.” ती म्हणाली, “काम नंतर. आधी हे फेडू दे.”

अशी ती. पण स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. वखारीत बसायला पोतं मिळायचं, ते कधी कमी पडलं तर जैतुन गार फरशीवर बसायची. कुणी पाहिलं आणि दिलं तर घ्यायची. नाहीतर दिवसभर तशीच.

तिचा नवरा गेला, मग गुडघे गेले, आणि एकदा पावसाळ्यात ती जिन्यावरून पडली. नसीम येऊन तिला सुरतेला घेऊन गेली. नसीमचं तिकडं बरं चाललं होतं. नवरा गुणी, घर चौथ्या मजल्यावर, जैतुनला वेगळी खोली. तक्रार करावी असं काहीच नव्हतं, आणि तिनं ती केलीही नाही. मी फोनवर म्हणायचे, “एकदा येऊन जा गं.” ती म्हणायची, “बघू.” मग फोन नसीमकडं जायचा आणि नसीम म्हणायची, “मावशी, अम्मीला प्रवास झेपायचा नाही. तुम्हीच या ना.” मी म्हणायचे, “बघू.” दोन्हीकडच्या बघण्यात दोन वर्षं गेली.

फोनवरच्या मेंढीकोटाची वाट नसीमनंच दाखवली. तिनं अम्मीच्या फोनात खेळ घालून दिला आणि इकडं मला नंबर सांगितला, की हा टाकला म्हणजे चौघींची खोली उघडेल. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली. चंपा आणि येसाक्काला तीही नव्हती. त्यामुळे खोली उघडायची, नावं घालायची आणि पडद्यावर काय लिहून येतंय ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, हे काम माझ्याकडं आलं. पत्ते मात्र वाचावे लागत नाहीत. ते आम्हाला अक्षरांच्या आधीपासून येत होते.

पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. एका खोलीत बसायचं आणि एकमेकींचा फोन दिसू द्यायचा नाही म्हणून येसाक्का कॉटवर भिंतीला टेकून, चंपा स्वयंपाकघराच्या दारात आणि मी उंबऱ्यावर. येसाक्काला जन्मभर अंगठ्याला थुंकी लावून पान ओढायची सवय. ती फोनलाही थुंकी लावायची. बोट ओलं, पडदा ओला, आणि खेळायची सत्ती तर जायचा राजा.

“माझा राजा परत दे!” ती ओरडायची.

“कुणाला सांगतीयास?” चंपा म्हणायची. “फोनाला?”

“फोनाला न्हाईतर काय तुला? त्यानंच खाल्लाय.”

जैतुनचं तसं काही झालं नाही. ती पहिल्या दिवसापासून सरळ खेळली. वखारीत ती डाव संपल्यावर कुणी काय टाकलं ते पहिल्या पानापासून सांगायची. आमचा पत्त्यांचा जोड हळदीच्या हातांनी पिवळाजर्द झाला होता. कुठल्या पानावर कुणाच्या अंगठ्याचा ठसा आहे हेसुद्धा तिला ठाऊक. आता फोनातली पानं कोरी, पांढरी. येसाक्का म्हणायची, “ही पानं आजारी वाटत्यात.”

मग एका दुपारी येसाक्का आणि चंपावर कोट लागला. दोघी गपगुमान उठल्या, चहा केला. माझा कप माझ्या हातात दिला, आणि जैतुनचा कप माझ्या फोनासमोर ठेवला.

“आलं घातलंय का?” जैतुननं विचारलं.

“घातलंय,” चंपा म्हणाली.

“आणि गवती चहा?”

“तोपण. परड्यातला.”

“वाफ दिसतीय,” जैतुन म्हणाली. “माझा कप आता कोण पिणार?”

“गोदू पिईल.”

“प्या. निवेल नाहीतर.”

मी तो प्यायले. दुसरा कप चहा मला कधीच जड जात नाही, पण त्या दिवशी गेला.

फोनवर चहा होत नसतो, ही नियमाची गोष्ट त्याच दिवशी निघाली. येसाक्कानं ठणकावून सांगितलं, कोट लागला तर यायचं, हातानं करून पाजायचा. तिथं विषय संपायला हवा होता. पण चार-पाच दिवसांनी, डावाच्या मध्येच जैतुन म्हणाली, “अक्का, माझ्यावर लागला तर मलाच यावं लागणार ना?”

“व्हय गं. सांगितलं की.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा. “इथं केलेला चालायचाच नाही, नाही का?”

येसाक्कानं नुसतं हूं केलं. चंपानं आपल्या फोनावर पदर धरला आणि मला हळूच म्हणाली, “गोदे, हे हिनं मागंबी इचारलं हुतं.”

मला ते कळलं होतं. संध्याकाळी मी नसीमला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर नसीम आपणहूनच म्हणाली, “मावशी, अम्मी हल्ली विसरते. दूध गॅसवर ठेवते आणि उतू जातं. तीनदा झालं.”

त्या रात्री मी सुनेला सगळं सांगितलं. गुडघे गेले तर माणूस बसून खेळेल. नजर गेली तर कुणी पान सांगेल. पण जैतुनला पानं आठवेनाशी झाली, तर समोर बसणारी माझी भिडू कोण राहणार? आणि मी तिला भेटायला जाईपर्यंत तिला मी तरी आठवेन का? सून म्हणाली, “आत्या, तुम्ही जाऊन या सुरतेला.” मी म्हटलं, जाते. दिवाळी झाली की जाते.

त्याच्या आधीच तो डाव पडला.

त्या दुपारी आमचं काहीच चालत नव्हतं. चौकटीचा हात चंपानं किलवरनं कापला आणि जैतुनची एकुलती चौकट, दश्शीच, त्यात गेली. किलवर हुकूम झाला आणि पहिली मेंढी गेली. माझी इस्पिक दश्शी येसाक्काच्या एक्क्याखाली सापडली. किलवर दश्शी चंपाकडंच होती. तीन गेल्या, डाव हातचा गेलाच. आता एक बदाम दश्शी वाचली म्हणजे निदान कोट टळला.

चार-चार पानं उरली. हुकूम सगळे उतरून गेले होते, कापायला कुणाकडं काही नव्हतं. उतारी माझी. माझ्या हातात बदाम एक्का. आणि बदाम दश्शी जैतुनकडं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं समोर बसल्यावर ते कळतं. मी एक्का टाकायचा, तिनं त्यावर दश्शी सोडायची, मेंढी आमची. लहान पोरानं खेळावं असं सरळ पान.

मी एक्का टाकला. चंपानं पंजी टाकली. मग जैतुनची पाळी.

दुर्री पडली.

मला वाटलं, फोनाचं काहीतरी बिघडलं. मी पडद्याच्या अगदी जवळ डोळे नेले. बदामाची दुर्री. येसाक्कानं नश्शी टाकली, हात माझ्याकडं आला. एकही मेंढी नसलेला रिकामा हात. पुढं माझ्याकडं चौकट छक्की होती ती टाकली, ती येसाक्काच्या राणीनं खाल्ली. आणि येसाक्कानं बदामचा राजा उतरवला. आता जैतुनला बदाम द्यावाच लागणार होता, आणि तिच्याकडं एकच बदाम उरला होता.

दश्शी राजाखाली गेली. पडद्यावर फटाके उडाले, अक्षरं फिरत फिरत मोठी झाली. वाचायचं काम माझं.

“कोट,” मी वाचलं.

एरवी येसाक्का कॉटवरून खाली उतरून नाचली असती. त्या दिवशी ती हलली नाही. चंपा दारातून आत येऊन बसली.

“जैतुन,” मी म्हटलं, “दश्शी का नाही टाकलीस गं? एक्का माझा होता.”

“ध्यानातच आलं नाही बघ,” जैतुन म्हणाली.

आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. येसाक्कानं कधी कुणाला कोटाचा चहा सोडला नव्हता. तिच्या सख्ख्या बहिणीला सोडला नव्हता. तिनं फोन तोंडाजवळ घेतला आणि मऊ आवाजात म्हणाली, “असू दे बाई. हुतं असं. चहाचं काय मनावर घेऊ नगंस. माफ.”

“माफ?” जैतुनचा आवाज एकदम चढला. तिन्ही फोनांतून चढला. “माफ म्हणजे? कोट लागलाय माझ्यावर!”

“अगं, पर तुजी तब्येत—”

“तब्येतीचं कुणी विचारलं? नियम कुणी सांगितला? तुम्हीच ना? हातानंच करायचा म्हणालात ना? आता माफ म्हणता? चहा फिटल्याशिवाय पान पडायचं नाही. मी आता खेळत नाही.”

आणि तिनं फोन बंद केला. पडद्यावर तिच्या नावाची जागा रिकामी दिसायला लागली.

“डोस्कं फिरलंय का हिचं?” चंपा म्हणाली.

“गप बस,” येसाक्का म्हणाली. तिनं पदरानं फोन पुसला आणि उशीखाली ठेवला.

त्यानंतर डाव बंद. मी रोज फोन करायचे. जैतुन उचलायची आणि विचारायची, “फिटला का चहा? नाही ना? मग काय बोलायचं,” आणि ठेवून द्यायची. पुढं पुढं मला फोन लावायचीच भीती वाटायला लागली. मग एका सकाळी नसीमचाच आला.

“मावशी, अम्मीनं बॅग भरून दाराशी ठेवलीय. रोज सकाळी बॅगेशेजारी बसते. जेवायला उठते, परत जाऊन बसते.”

“डॉक्टरला दाखव गं तिला. ते विसरण्याचं…”

“दाखवलं. डॉक्टरनं विचारलं, आजी, आज वार कोणता? म्हणाली, मंगळवार. आणि माझ्यावर कोट लागून आज बारावा दिवस, ह्या पोरीला सांगा.” नसीम हसत होती की रडत होती ते मला कळेना. “मावशी, ती मला घेऊन आली होती ना चहा फेडायला? मी तान्ही असताना?”

“आली होती. तू माझ्या मांडीवर होतीस. लुगडं ओलं केलंस माझं.”

“जन्मभर हेच ऐकत आलेय मी. आता तिला नाही कसं म्हणू? येतो आम्ही.”

त्या आल्या. रिक्षा येसाक्काच्या दाराशी थांबली तेव्हा मी उंबऱ्यावरच उभी होते. आधी एक काठी बाहेर आली, मग जैतुन. वाळली होती. केस सगळे पांढरे झाले होते. मी पुढं झाले, तिचा हात धरला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले, की ओळखते का.

“बघतीस काय अशी?” ती म्हणाली. “दश्शी घालवली म्हणून मारणार आहेस?”

येसाक्का म्हणाली, “बस गं आधी, पाणी पी.”

“पातेलं कुठं आहे?”

ती बसली नाही. एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं ओट्याची कड धरून उभी राहिली. चंपानं साखरेचा डबा पुढं केला तर तिच्या हातावर चापट मारली. माझ्या वाटणीचं काय, मी पण भिडूच, असं म्हटल्यावर मला आलं किसायला दिलं, तेवढंच. परड्यातला गवती चहा मात्र तिनं स्वतः जाऊन तोडला. पात्या चुरगळून नाकाशी धरल्या आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. नसीम मागं मागं, दोन्ही हात पसरून, लहान मूल चालायला लागल्यावर आई चालते तशी.

चहा झाला. तिनं कप उचलून येसाक्काच्या हातात दिला, मग चंपाच्या. येसाक्कानं घोट घेतला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं.

“फिटला का?” जैतुननं विचारलं.

“फिटला.”

तेव्हा ती बसली. भिंतीला टेकून, माझ्या समोर. चंपानं फडताळातून कापडात बांधलेला आमचा जुना जोड काढला. पिवळी पानं, कोपरे गोल झालेले. येसाक्कानं अंगठ्याला थुंकी लावली आणि पिसायला घेतली. मला राहवेना. एकीकडं भीती होतीच.

“जैतुन,” मी म्हटलं, “त्या दिवशीचा डाव आठवतो का गं तुला? थोडा तरी?”

“कुठला? कोटाचा?”

“हं.”

तिनं बशीत चहा ओतला. “पहिला हात अक्काचा, इस्पिक राजा. दुसऱ्यात अक्कानं चौकट सत्ती उतरली, तू गुलाम टाकलास, चंपानं किलवर तिर्रीनं कापली, हुकूम झाला. माझी दश्शी तिथं गेली.” एक घोट घेतला. “तिसरा अक्काचा, इस्पिक एक्का. तुझी दश्शी सापडली. तू तोंडानं च्यक केलंस, फोनात ऐकू आलं. चौथा…”

ती सांगत गेली. पाचवा, सहावा. कुणाचं कोणतं पान, कुणी किती वेळ लावला. येसाक्काचे पिसणारे हात थांबले.

“मग चार-चार पानं उरली. हुकूम संपले होते. बदाम राजा अक्काकडं, तो तिनं तिसऱ्या हातापासून दाबून धरला होता. उतारी तुझी. तू एक्का टाकलास, चंपानं पंजी टाकली.” तिनं बशी खाली ठेवली. “मी दुर्री टाकली.”

परड्यात कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

“आणि दश्शी?” मी विचारलं.

“दश्शी होती की हातात. ती टाकली असती तर हा चहा कुणी केला असता?”

“अगं सटवे!” येसाक्का ओरडली. “आणि मी माफ करत हुते!”

“तेवढा एक घोळ झालाच असता तुमच्यामुळं. जन्मात कधी माफ केलं नाही, आणि नेमकं त्या दिवशी दया आली.”

नसीम दारात उभी होती. “अम्मी! आणि ते दूध?”

“दूध उतू जातं कारण तुझा गॅस मोठा आहे, आणि मी डाव खेळत असते. डाव सोडून दूध कोण बघणार?”

“मग मला नुसतं सांगायचं होतंस, सांगलीला ने म्हणून!”

जैतुननं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उत्तर मला ठाऊक होतं. गार फरशीवर बसलेली जैतुन मी कितीदा पाहिली होती. मी उठले, आतून पोतं आणलं, चौपदरी केलं आणि तिच्याखाली सरकवलं. ती त्यावर सरकून बसली.

“वाटा की अक्का,” ती म्हणाली. “पानं निवतील.”

ती दोन महिने राहिली. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन गेली. जाताना नसीम न्यायला आली तेव्हा आमच्यापैकी कुणी रडलं नाही. पत्त्यांची खोली कुठल्या वेळेला उघडायची यावरच भांडण झालं.

मग उन्हाळा सरला, गणपती गेले, पाऊस संपला, नवरात्र आलं. आम्ही रोज खेळत होतो आणि डाव कसे कोण जाणे, दोन-दोन मेंढ्यांवर बरोबरीत अडकत होते. मग एका सकाळी नसीमचा फोन आला.

“मावशी, अजून कोट लागला नाही का? दिवाळीच्या गाड्या भरत आल्यात. मला तिकिटं काढायची आहेत.”

“आज लावून घेते आमच्यावर,” मी म्हटलं. “बदाम एक्का आला हातात तर आजच.”